राक्षसाची धाप

६ नोव्हेंबर, शुक्रवार

लागला एकदाचा सिनेमा! सकाळच्या खेळाला शेवटच्या रांगेत बसून आले. अंगात त्राण म्हणून नाही. चौदा महिने त्या राक्षसाचे आवाज तयार करण्यात गेले — पावलांसाठी ओली चामड्याची बॅग खडीवर आपटली, हाडं मोडायच्या आवाजासाठी कोबीचे किती गड्डे पिळले देव जाणे. आणि बाहेर पडताना माझ्या पुढचा माणूस बायकोला म्हणतो, "कादंबरी बरी होती."

जेवताना आई म्हणाली, "शेवटी तुझं नाव येतं ना पडद्यावर? मग मला कधी नेतेस?" म्हटलं, भीतीचा सिनेमा आहे, तुझं बीपी वाढेल. "चाळीस वर्षं तुझ्या बाबांबरोबर काढली. राक्षसाचं काय सांगतेस मला!"

हसले. अर्धं ताट तसंच उचलून ठेवलं.

७ नोव्हेंबर, शनिवार

डायरेक्टरचं नवं खूळ. थिएटरच्या दारात खोकी ठेवलीत, प्रेक्षकांनी मत लिहून टाकायचं. प्रसिद्धीवाली पोरगी चिठ्ठ्या वाटून देते — कपड्यांबद्दलच्या कपडेवाल्यांना, आवाजाबद्दलच्या मला. वाचून अहवाल द्यायचा! आम्हाला दुसरी कामं नाहीतच जशी.

"पुस्तकात राक्षस शंभर पानं नुसता जाणवतो. इथे पाचव्या मिनिटाला हजर, तोही ढोल-ताशे असल्यासारखा. घाई कसली होती?"

"पुस्तकात तो बोलतो. इथे नुसता धापा टाकतो. लेखकाला विचारलं होतं का?"

"आवाज कमी ठेवा. बाळ उठलं." — भीतीच्या सिनेमाला बाळ कोण नेतं!

"हा राक्षस आहे की दमेकरी?"

ही शेवटची वाचली आणि टेबलावर पालथी घातली.

९ नोव्हेंबर, सोमवार

लिहूनच टाकते. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

ती धाप बाबांची आहे.

शेवटच्या आजारात डॉक्टर म्हणाले होते, झोपेतला श्वास रेकॉर्ड करून आणा, मला ऐकायचाय. लोक मोबाईलवर करतात. मी स्टुडिओतला चांगला माईक आणून बाबांच्या उशाशी लावला — धंद्याची खोड! दुपारची वेळ, चाळीस मिनिटं. बाबांचा श्वास मध्येच अडायचा. आई पाठीवर हात ठेवून म्हणायची, "सावकाश हो. घाई नाहीये कुठे जायची." की पुन्हा सुरू व्हायचा.

ते गेले. चार महिन्यांनी डायरेक्टरला तळ्याचा प्रसंग दाखवायचा होता, आणि राक्षसाला श्वासच नव्हता. खरा आवाज तयार होईपर्यंत आम्ही हाताशी असेल तो तात्पुरता भरतो, मागाहून बदलतो. रोजचंच आहे हे. मी ती फाईल उघडली. वेग निम्मा केला, आवाज खाली उतरवला. आई जिथे जिथे बोलत होती तिथून तिला कापलं, त्या जागी पाण्याचे थेंब घातले. वर लिहिलं — "तात्पुरता".

डायरेक्टर खुर्चीतून उठलाच. "हाच! याला आता हात लावायचा नाही!"

तेव्हाच तोंड उघडायचं. नाही उघडलं. कौतुक ऐकून बरं वाटलं, दुसरं काही कारण नाही. बापाचे शेवटचे श्वास उचलून राक्षसाच्या तोंडात घातले मी! आणि आई तर तो श्वास झोपेतसुद्धा ओळखेल. तिनं ऐकलं तर तिच्यापुढे उभी कशी राहू?

१० नोव्हेंबर, मंगळवार

आईनं वाचनालयातून ती कादंबरी आणली! "तू नेत नाहीस तर वाचते तरी." चष्मा नाकाच्या शेंड्यावर, चहा गार झालेला, पानं भराभर उलटतेय. वाचू दे. पुस्तकाला आवाज नसतो.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

नव्वद चिठ्ठ्या! डोळे चुरचुरतायत. "दमेकरी" शब्दानं भलताच जोर धरलाय. कुणीतरी व्हिडिओ केलाय — राक्षस धापा टाकतोय आणि एक बाई त्याच्यापुढे वाफाऱ्याचं पातेलं धरून बसलीय. ऑफिसात सगळे खो-खो हसले. मीही हसले. घरी येऊन दिवा न लावता आडवी झाले.

एकच चिठ्ठी वेगळी. "तो धापा टाकायला लागला की आजोबांची आठवण येते. भीती नाही वाटली. माफ करा." ती अहवालात घातली नाही. पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे.

आईची कादंबरी वाचून झाली, परतही करून आली. कशी वाटली विचारलं. "राक्षसाचं काय चुकलं त्यात? गाववालेच त्याच्या तळ्यात शिरले." मग तिनं विचारलं, "सिनेमातही मरतो का गं शेवटी?"

मरतो, म्हटलं.

"हं," म्हणाली आणि भांडी आवरायला उठली.

१४ नोव्हेंबर, शनिवार

डायरेक्टरनं बोलावलं. माझ्याच अहवालांचा गठ्ठा पुढ्यात. लोक घाबरत नाहीयेत, हसतायत. गुरुवारचे खेळ झाले की सिनेमा थिएटरातून उतरणार. घरबसल्या बघायची आवृत्ती येईल तिच्यात धाप काढून डरकाळी घालायची. बुधवारपर्यंत हवी. "तू तर तो आवाज तात्पुरताच ठेवला होतास ना? मग झालं तर!"

सुटले! पहिलं हेच मनात आलं. डरकाळी बसली की आईनं घरी पाय पसरून खुशाल बघावा, कुठे मागमूस राहणार नाही.

जिना उतरताना रडू आलं. रुमाल वर टेबलावर राहिलेला. साडीच्या पदराला नाक पुसलं, लहान पोरीसारखं.

१६ नोव्हेंबर, सोमवार

डरकाळी झाली. ट्रकचा ब्रेक, दोन डुकरं आणि माझा घसा. उत्तम आहे. कुठल्याही राक्षसाला चालेल.

दुपारी लवकर घरी आले तर आई नाही. सहाला उगवली. कुठे होतीस? "वाचनालयात." कादंबरी तर गुरुवारीच परत केलीस! "दुसरं काही मिळतं का बघत होते." हात रिकामे, पाय सुजलेले. म्हटलं, रोज रोज एवढं चालू नकोस. बरं म्हणाली.

सिनेमाचं नावसुद्धा काढत नाही हल्ली. विसरली असेल. बरंच झालं.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या डरकाळी पाठवायची. दमलेय. बाकी काही नाही.

१८ नोव्हेंबर, बुधवार

आजच्या चिठ्ठ्यांत ही होती. जशीच्या तशी उतरवते.

"कादंबरी वाचली आहे, सिनेमा तिसऱ्यांदा पाहिला. सिनेमा ठीक. पण दुपारच्या खेळाला मागच्या रांगेत एक आजी येतात, एकट्याच. राक्षसाची धाप अडली की हळूच म्हणतात, 'सावकाश हो. घाई नाहीये कुठे जायची.' की तो श्वास घेतो. दर वेळी, अगदी बरोबर जागेवर. मी तेवढ्यासाठीच पुन्हा गेलो होतो."

मी तिला जिथे जिथे कापलं, तिथेच.

डरकाळी पाठवली नाही. घरी आले. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, "आई, उद्या शेवटचा दिवस आहे. दुपारी मीही येते तुझ्याबरोबर."

तिनं मान वर केली नाही. बाबांच्या जुन्या शर्टाची घडी पुरी केली.

"मागची रांग घे. आणि तो मरायच्या आधी उठायचं. ते मी एकदा बघितलंय."