तारेची मशीन सोडली, रॉड धरला

७ मार्च
आज तारेची मशीन सोडली! सून धम्मशीला म्हणे, "आत्याबाई, राहू द्या. हे मिग वेल्डिंग तुमच्या हाताले मानून नाही राह्यलं." खरंच. बटन दाबलं का तार सुटते सरसर, अन् मी तिच्या मागं! वरून डोणगावचं वारं — दुकान उघडं, सांध्याले जपणारा गॅस उडून जाते, अन् सांधा होते अनारशावानी जाळीदार. अनारशाले चांगलं, लोखंडाले नाही.

शेजारची रुक्मिणीबाई म्हणे, "नातवंडं खेळवायच्या वयात ठिणग्या काय खेळवता?" खेळवतो! लेक ट्रकवर, नात शाळेत, दुकान एकट्या सुनेच्या डोक्यावर. मी काय घरी बसून माश्या मारू?

उद्यापासून रॉड.

८ मार्च
लोखंडाले चिकटला.

९ मार्च
आजबी चिकटला! धम्मशीला म्हणते, काडेपेटीची काडी ओढल्यावानी ओढा, लगेच उचला. ओढतो. उचलाले भेव वाटते.

विहाराच्या कठड्याचं काम आपल्याले भेटलं. भीमजयंतीच्या आत बसवायचा हाय. मी म्हटलं, त्यात एक तरी सांधा माझा पाहिजे. तर म्हणे, "आधी पट्टी जोडून दाखवा. हातोड्यानं तुटली नाही, तरच कठड्याले हात लावा." सासूले असं बोलते! पण लेकरं टेकतील त्याले. बरोबर बोलली.

१४ मार्च
हसून हसून पोट दुखलं. सकाळीच दुकान झाडलं. पुड्यातले रॉड पाह्यले — करडे, मळकट. म्हटलं, म्हणूनच चिकटतात मेले! घेतला विटेचा तुकडा, घासले, तांब्यावानी लखलखीत केले. धम्मशीलानं डोक्यालेच हात लावला! "अवो आत्याबाई, तो लेप म्हणजे रॉडचा जीव! तो जळते, धूर करते, तवा सांध्याले वारं लागत नाही."

म्हणजे मिगचा गॅस इथं अंगावरच थापलेला! मंग पह्यले काऊन नाही सांगतलं?

"मले काय माहीत तुम्ही भांडे समजून घासान!"

पण आता वाऱ्याचं भेव नाही. दुपारी नवा रॉड चार बोटं ओढला, चिकटला नाही!

२१ मार्च
जोडली पट्टी! वरची काळी खपली ठोकून काढली, खाली कणसाच्या दाण्यावानी ओळ. धम्मशीलानं हातोडा हाणला. पट्टी वाकली, सांधा नाही तुटला! रुक्मिणीबाईले हाका मारून दाखवला. म्हणे, "वाकडा हाय." हाव, वाकडा हाय. तोडून दाखव ना मंग!

२३ मार्च
धम्मशीलानं तिचं हेल्मेट माझ्या हातात देलं. तिले दिवस गेले. धुरात बसायचं नाही. "एक सांधा नाही आत्याबाई, अख्खा कठडा तुमचा."