पंपाचा मिस्ड कॉल

आबा,

काल परत एका पंपावर डबा बसवून आलो. तोच डबा, ज्याला तुम्ही शेवटपर्यंत 'तुझं खोकं' म्हणत राहिलात. आता तो लहान झालाय, अक्कल मात्र तेवढीच आहे. आत सिमकार्ड, बाहेर उंदराच्या शेपटीसारखी एरियल. मालकाने त्याला हळदकुंकू लावलं, वर नारळ फोडला. पाणी आत जाईल म्हणून मी ओरडलो, तर मलाच म्हणतो, "प्रसाद हाय तो, काय होत नाय." मग विचारतो, "ह्याला मराठी कळतं ना?" असल्या माणसांत माझे दिवस जातात. तुम्ही असतात तर खूश झाला असतात.

दहावीला दोनदा आपटून मी घरातून निघालो, तेव्हा तुम्ही पंपावर होतात. नदीकाठची ती पत्र्याची शेड, भिंतीवर स्टार्टर, दाराशी तुमच्या चपला. वाडीच्या नळाला पाणी सोडणं हे तुमचं काम, आणि ते तुम्ही देवळातल्या गुरवासारखं करायचात. चपला काढून बटण दाबायचं! मला तेव्हाच त्याचा तिटकारा होता. एका हिरव्या बटणासाठी माणसाने रोज पहाटे अर्धा डोंगर उतरायचा? मी निघतो म्हणून सांगायला आलो, तर तुम्ही फुटव्हॉल्व्ह घासत बसला होतात, म्हणजे नदीत बुडवलेल्या पाइपाच्या तोंडाची ती जाळी. वर न बघता म्हणालात, "जा. पण कुठंतरी टिक." टिकलो नाही. चिपळूणला गॅरेज, हर्णेला बर्फाचा कारखाना (तिथे संध्याकाळच्या लिलावात एक बाई असा आवाज लावायची की खाडीपलीकडची कुत्री उठायची, पण ते राहू दे), मग कोल्हापूर. तिथे हे डबे बनवणारा एक जण भेटला. टाय लावायचा, टायवर आमटीचा डाग, आणि दिवसातून चारदा म्हणायचा, "यापुढे यंत्रं आपसात बोलणार, माणसाची कटकटच नको." बोलत काय होती ती? लाइट गेली, लाइट आली, मोटार चालू, मोटार बंद. तीन वर्षांचं पोर याहून जास्त बोलतं. तरी मी तो डबा उचलून घरी आलो, कारण तुम्हाला दाखवायचं होतं.

आपले सरपंच तेव्हा खिशाला मोबाइल असा अडकवायचे, जसं काही पदकच मिळालंय. त्यांचं घर नदीच्या अंगाला. पडवीतून हाक मारली तर पंपावर ऐकू जाईल एवढं अंतर. पण त्यांनी मोबाइल दाबला की ती हाक आधी पलीकडच्या डोंगरावरच्या टॉवरला जायची, तिथून कुठल्याशा शहरातल्या मोठ्या यंत्राकडे. ते यंत्र आपल्या नोंदीत बघणार, हे सिम सध्या कुठल्या टॉवरखाली आहे, आणि मग तीच हाक फिरून त्याच टॉवरवरून खाली तुमच्या शेडमध्ये. एवढा वळसा घालून मोटार घरघरली, तेव्हा सरपंचांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही तेवढं विचारलंत, "नदीत पाणी किती हाय, ते दिसतंय काय ह्याला?" मी हसलो. सगळ्यांसमोर म्हणालो, "आबा, तुम्ही आता घरी बसा."

डब्याला मेसेजही पाठवता यायचा. पण मेसेज वाटेत मुक्काम करायचा. 'लाइट गेली' हे लाइट येऊन गेल्यावर कळायचं. म्हणून मी हुशारी केली. लाइट आली की डब्याने आम्हाला मिस्ड कॉल द्यायचा, फुकट आणि ताबडतोब. मोटार चालू करायची असली की आपण डब्याला फोन लावायचा. तो नंबर ओळखून फोन कट करणार आणि मोटार सुरू करणार. ओळखीचे नंबर दोनच, सरपंचांचा आणि माझा. बोटांवर मोजून तुम्हाला सांगितलं होतं. आता, मिस्ड कॉल आला की आपल्याकडचा माणूस काय करतो? उलट फोन लावतो. सरपंचांना तीनदा बजावलं, "हा माणूस नाही, ह्याला उलट फोन करायचा नाही." तरी मिस्ड कॉलच्या पहिल्याच चाचणीला पडवीतून आरडाओरडा, "हॅलो! कोण बोलतंय? अरे बोल ना मेल्या!" नशीब, तेव्हा मोटारीची वायर काढून ठेवली होती. पोट धरून हसलो मी. पुढे कोल्हापूरपर्यंत एसटीत नक्कल करत गेलो.

मग तो वैशाखातला दिवस. मी नव्हतो, पण आईकडून इतक्यांदा ऐकलाय की समोर दिसतो. चाकरमानी आलेत, घराघरात माणसं, डोह आटून एवढासा. सकाळपासून लाइट नाही. तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे, फुटव्हॉल्व्ह वर काढून जाळीतला पाला काढताय. लाइट येते. डबा मिस्ड कॉल देतो. कोणीतरी उलट फोन लावतं. आणि वर शेडमध्ये मोटार कोरडी फिरायला लागते. तुम्ही काठ चढून पोचेपर्यंत सील जळून पंप जाम, मोटारीतून धूर. मेन स्विच का नाही पाडलात? घरी आलो तो हेच ओरडलो मी. तुम्ही म्हणालात, "माझ्या हाताबिगर ती कधी फिरलीच नव्हती रे."

पाच दिवस बायकांनी हंडे वाहिले. मग पंचायतीत सभा. सगळे सरपंचांवर तुटून पडले. "तुम्हीच लावलात! हॅलो हॅलो करायची हौस तुम्हाला!"

"देवाशपथ नाय! मी लग्नाला गेलेलो. मोबाइल घरी चार्जिंगला होता!"

"लाइट नव्हती तर चार्जिंग कसलं?"

हशा. मी दारात उभा राहून हसत होतो. तेवढ्यात तुम्ही उठलात. "सरपंचांनी काय केलं नाय. बटण मीच दाबलं. चुकलं माझं." मग मागून कोणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याला आता घरी बसवा." माझंच वाक्य, आबा. दुसऱ्या दिवशी शेडची किल्ली काढून घेतली. तरी तुम्ही पहाटे उठायचात, चपला घालून अंगणापर्यंत जायचात आणि परत यायचात. वर्षही काढलं नाहीत.

किती वर्षं मी चिडून होतो तुमच्यावर. त्या नंदीबैलाला वाचवायला स्वतःची किल्ली द्यायची? कसला हा मोठेपणा? असं मी लोकांना सांगतो, हॉटेलात, एसटीत, कोणी ऐकलं की. पण नंबर दोनच होते. सरपंच खरं बोलत होते हे तुम्ही ओळखलंत, मग दुसरा कोणाचा ते कळायला तुम्हाला शाळा लागत नव्हती. माझ्याकडे बघितलंतसुद्धा नाहीत.

त्या वैशाखात लाइट आली तेव्हा मी कोल्हापुरात मिसळ खात होतो. हात तेलकट. मोबाइल एकदा वाजून थांबला. नाव न बघता अंगठ्याने उलट फोन लावला. एक रिंग गेली, कट झाला. हे पत्र कुठे टाकणार? घडी करून डब्याच्या माहितीपुस्तकात ठेवतो. ते कोणीच उघडत नाही. एवढं मात्र लिहितो, की कट झालेला फोन कानाला धरून मी दोनदा म्हणालो होतो, "हॅलो, कोण बोलतंय?"