शिळं पाणी

॥ श्री सप्तशृंगी प्रसन्न ॥

बोरमळा
१४ एप्रिल १९९८

चि. मनीषास आत्याचे अनेक उ. आ.

आम्ही सारे खुशाल आहोत. चैत्राची यात्रा करून परवाच गडावरून आलो. तुझ्या बाबांना म्हणावं, बहीण पंचायतीची मेंबर झाली म्हणून तिला शिंगं फुटलेली नाहीत, मळ्यात चक्कर टाकत जा.

आता कामाचं. तू नाशिकला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहेस, म्हणून गावच्या बायकांनी तुला विचारायला लावलंय. नळाच्या पाण्याला औषधाचा वास का येतो? हंड्यात पडताना ते दुधासारखं पांढरं का दिसतं? कुसाबाई तर म्हणते की या पाण्यानं अंगातली ताकद जाते. हसू नकोस, उत्तरं पाठव.

माझा खरा घोर मात्र वेगळा आहे. वरच्या वस्तीवर भागीबाईच्या दारात नळ बसला, पण त्याला अजून थेंब आलेला नाही. तिची सून पोटुशी आहे आणि कालव्यावरून हंडे वाहते. पावसाळ्यात तेच गढूळ पाणी पिऊन वस्तीवरची पोरं जुलाबानं आडवी होतात. निवडणुकीत त्यांच्या ओट्यावर बसून मी पाण्याचा शब्द दिला होता. सरपंच खंडेराव म्हणतात, वस्ती उंचावर आहे, पाणी चढत नाही, एक मेच्या ग्रामसभेत ती लाइन कायमची बंद करू. तसं झालं तर त्या बायकांना मी कुठल्या तोंडानं भेटू?

आमची काही कसूर नाही गं. गावातल्या सगळ्या जणी नळ यायच्या आधी कालचं शिळं पाणी अंगणात ओतून, हंडे लख्ख घासून तयार असतात. सासूबाईंना तर शिळ्या पाण्याचा तांब्यासुद्धा घरात खपत नाही. तरी पाणी पुरत नाही.

माया आहेच, तिला पत्रांचं खतपाणी घालत जा.

तुझी
मालनआत्या

---

द्वारका, नाशिक
१८ एप्रिल १९९८

ती. मालनआत्यास मनीषाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बाबा म्हणाले, शिंगं तिला लहानपणापासूनच होती.

वास येतो तो जंतू मारायच्या औषधाचा. हंडा झाकून थोडा वेळ ठेवला की तो उतरतो. पांढरेपणा म्हणजे पाण्यात दाबली गेलेली हवा. जरा थांबलात तर तळापासून आपोआप नितळ होतं. आणि कुसाबाईंना सांग, ताकद जाते ती जंतूंची.

पण तुझ्या शेवटच्या ओळी वाचून मी कपाळाला हात लावला. अगं, ते पाणी शिळं नसतंच. घासलेल्या हंड्यात, झाकण ठेवून, लांब दांड्याच्या ओगराळ्यानं काढलं तर दुसऱ्या दिवशीही ते खुशाल प्यावं. तुमचा पाणी सोडणारा चिमाजी गावची टाकी कधी भरतो? संध्याकाळी ना? मग सकाळी नळाला येतं तेही कालचंच. कालचं ओतून तुम्ही कालचंच भरता.

टाकी वस्तीपेक्षा उंच आहे, पाणी चढेल. पण खालच्या घरांचे नळ सताड उघडे राहिले तर वर जायला उरेल काय? त्या लाइनीवर राग काढणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. ग्रामसभेआधी गावाला ओतणं थांबवायला लाव. तुला जमेल, मला खात्री आहे.

तुझ्या सासूबाईंना नमस्कार. लोभ इकडे ओसंडतोय, तिकडचा कमी पडू देऊ नकोस.

तुझी
मनीषा

---

॥ श्री सप्तशृंगी प्रसन्न ॥

बोरमळा
५ मे १९९८

चि. मनीषास आत्याचे पोटभर आशीर्वाद.

जिंकलो गं पोरी! आधी तेच लिहिते, मग बाकीचं.

तुझं पत्र मी मारुतीच्या पारावर बायकांना वाचून दाखवलं. वासाचं पटलं, पांढरेपणाचं पटलं. शिळ्याचं काही केल्या पटेना. कुसाबाई म्हणाली की असं असेल तर चिमाजीला टाकीही रोज ओतायला सांगा. सगळ्या हसल्या आणि मी रडकुंडीला आले. तुझी अक्कल माझ्या हातात होती, पण ती वापरायची कशी तेच मला कळेना.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. मला वाटलं, झालं, आता घरचीच तोफ माझ्यावर डागणार. त्या म्हणाल्या, "सिंहस्थात रामकुंडावरून आणलेली गंगा माझ्या देवघरात गडूत हाय. ती शिळी झाली म्हणून कुणी ओतली का? नळाला येतं ते धरणाचं पाणी म्हंजी तीच गंगा. उद्या जी अंगणात पाणी ओतील, तिनं आधी माझा गडू ओतावा."

कुणाची टाप होती पुढे बोलायची! मी तर लाज सोडून तिथंच त्यांच्या पाया पडले. घरी आल्यावर त्यांनी मला सुनावलं की पुतणीचं पत्र आधी सासूला दाखवायचं असतं.

दुसऱ्या दिवशी गावात कुणी हंडा ओतला नाही. उणं होतं तेवढं भरून बायकांनी नळ बंद केले. मी वस्तीवर जाऊन उभी राहिले. भागीबाईचा नळ आधी नुसता खोकला, मग तांबूस चूळ टाकली आणि मग धार लागली. तिच्या सुनेनं धारेखाली दोन्ही हात धरले आणि किती तरी वेळ काढलेच नाहीत. मी पदरात तोंड घालून रडले, सांगायला कसली लाज?

ग्रामसभेत खंडेरावांनी स्वतःच जाहीर केलं की वस्तीची लाइन चालू राहील, आणि वर असं बोलले जणू पाणी त्यांनीच खांद्यावरून चढवलं. बोलू दे बापड्याला.

आज सकाळी मी पुन्हा वस्तीवर गेले होते. हंडे, कळश्या, गुरांची टाकी, सगळं काठोकाठ भरलेलं. भागीबाईनं इकडंतिकडं पाहिलं, रिकामं भांडं काही सापडेना. जन्मभर ती कालव्यावर घोटभर पाण्यासाठी वाकलेली. तिनं नळाची तोटी फिरवली आणि पाण्याला म्हणाली, "पुरे."

तुझी
मालनआत्या