बेहालाच्या गच्चीवरची दीदी

आई, कलकत्त्यातलं बेहालाचं ते घर आठवलं की मला आधी रस्त्याकडची खिडकी दिसते. ताई ओरडायला लागली की तू धावत जाऊन ती लावायचीस, ऐन उन्हाळ्यातसुद्धा. ताई माझ्याहून मोठी, पण तिला बोलता येत नव्हतं. पाय ओढत चालायची आणि जे सांगायचं ते ओरडूनच सांगायची. बाबा ट्रामने ऑफिसला गेले की दिवेलागणीपर्यंत घरात आपण तिघीच.

कलकत्त्यात मराठी घरं नव्हती असं नाही. एका संक्रांतीला तू ताईची छान वेणी घालून तिला हळदीकुंकवाला नेलंस. एवढ्या बायका बघून ती घाबरली, किंचाळली. निघताना त्या घरच्या बाईंनी तुझ्या हातात वाण ठेवलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "पुढच्या खेपेला हिला कुणाकडे तरी ठेवून या हं." तू हसून मान हलवलीस. त्यानंतर तू कुणाकडेच गेली नाहीस.

मग एका दुपारी दार वाजलं. ताईचा आरडाओरडा चालूच होता. कुणीतरी तक्रार घेऊन आलं असणार म्हणून दाराकडे जाता जाताच तू "माफ कीजिए" म्हणायला लागलीस. दारात खालच्या मजल्यावर नव्याने आलेली बंगाली बाई उभी होती. कडेवर मुलगा, कडेवर घ्यायचं वय केव्हाच उलटलेला, मान एका बाजूला कललेली.

"दीदी, आवाज सुना," ती मोडक्या हिंदीत म्हणाली. "हम समझ गया. हमारा भी अइसा है."

तू दार धरून रडायला लागलीस. तिने समजूत वगैरे घातली नाही. सरळ आत आली, मुलाला चटईवर निजवलं आणि म्हणाली, "चाय नहीं देगा?" तशी तू रडता रडता हसलीस.

त्या हिवाळ्यात तुम्ही दोघी रोज मुलांना घेऊन गच्चीवर जात होतात. मोहरीचं तेल कोमट करून त्यांचे हातपाय चोळायचे, एकीने धरायचं, दुसरीने भरवायचं. ती तुला दीदी म्हणायची, तूही तिला दीदीच. एकदा तिने दोघा मुलांसकट बाजारात जायचं काढलं. तू म्हणालीस, "लोग देखेंगे." ती म्हणाली, "देखने दो. हम भी लोग को देखेगा." आणि गेलात तुम्ही. परत आलीस तेव्हा तुझा चेहरा उन्हाने लाल झाला होता, आणि रस्त्याकडची खिडकी त्या दिवशी तू लावलीच नाहीस.

बाबांची नागपूरला बदली झाली. "जायलाच हवं का?" एवढंच तू विचारलंस. बाबा म्हणाले, "अगं, बढती आहे. आणि तूही आपल्या माणसांत जाशील." ते मनापासून बोलत होते. तुला बेहालात काय मिळालं होतं, ते त्यांना कळलंच नाही आणि तुला सांगता आलं नाही. निघायच्या सकाळी दीदीने ताईची वेणी घालून दिली, हळूहळू, दोनदा सोडून पुन्हा.

नागपुरात आपली माणसं होती. पाहुणे आले की हीच माणसं ताईला मागच्या खोलीत बसवायला सांगायची. दीदीला पत्र लिहायचीही सोय नव्हती. तिला मराठी येत नव्हतं, तुला बंगाली, आणि तुमची हिंदी नुसती बोलायची होती. ताई गेली तेव्हाही दीदीला कळवता आलं नाही. त्या दिवशी भेटायला आलेल्या बायका "सुटली बिचारी" म्हणत होत्या. तू मान खाली घालून ऐकत होतीस. दीदी असती तर तिने काय म्हटलं असतं, याचा विचार मी अजून करते.

तू जाऊनही आता किती वर्षं झाली. हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून सांगते. गच्चीवर तुम्ही चौघं उन्हात बसायचात आणि मी जिन्यात उभी राहून बघायचे. तेव्हा मला वाटायचं, आपल्यालाही नीट चालता आलं नसतं तर बरं झालं असतं.