डाव्या बाजूचा दांडा

मोशी,
१८ सप्टेंबर २०२४

प्रिय रविदादा,

नमस्कार. तू आमचे फोन उचलत नाहीस, म्हणून ज्ञानेशमामा नाशिकला निघालेत त्यांच्या हाती हे पत्र देते आहे. फाडायचं असेल तर वाचून फाड. आई बरी आहे.

आधी ट्रॅक्टरची बातमी. दिवाळीत भांडून जाताना ज्याला तू 'भंगारात घाला' म्हणालास, त्याच ट्रॅक्टरवर आप्पांनी चाकणच्या एका कंपनीच्या आवारातलं गवत कापायचं काम घेतलं. कुंपणाजवळ उतार आहे, तिथं कापायचं यंत्र कलतं करावं लागतं. जुन्या हायड्रॉलिकला ते जमेना. मग तळवड्याच्या रोहिदास मिस्त्रींनी जादा व्हॉल्व्ह बसवला, तेलाचे नवे पाइप टाकले. आता दांडा ओढला की यंत्र कलतं.

तो दांडा आप्पांनी हट्टानं डाव्या बाजूला बसवून घेतला. मिस्त्री म्हणाले, "अर्जुनराव, जुना दांडा उजवीकडं हाय. हात चुकंल तुमचा." आप्पा म्हणाले, "माजा हात हाय, मी बघतो." आपल्या आप्पांचा हेका तो! आम्ही हसलो.

परवा ट्रॅक्टरची पूजा केली. नारळ आप्पांनी मिस्त्रींना फोडायला लावला. मी पेढा द्यायला गेले तर आप्पांनी डावा हात पुढे केला. प्रसादाला डावा हात, रविदादा! याच गोष्टीसाठी तुझ्या पाठीत केवढा धपाटा घातला होता त्यांनी. मी त्यांचा उजवा हात धरला, तर ओल्या फडक्यासारखा लोंबला. तेव्हा कुठं कबूल केलं त्यांनी. अर्धांगाचा झटका श्रावणातच येऊन गेला होता आणि घरात कोणाला पत्ता नाही! भाकरी सोडून चमच्यानं भात खायला लागले, तेव्हा आईला वाटलं दाढ दुखतेय.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला," मी ओरडलेच.

"न्हाई. रव्याला कळलं तर ट्रॅक्टर इकंल त्यो. एवढं काम हू दे, मंग येतो."

मी रडले, भांडले. आईनं गळ्याची शपथ घातली. तरी काल सकाळी गेलेच कामावर.

इतका वेळ ट्रॅक्टरचं सांगत बसले, कारण पुढचं लिहवत नाही. काल उतारावरच दुसरा झटका आला. ट्रॅक्टर कुंपणाला टेकून बंद पडला. रखवालदारानं पाहिलं तेव्हा आप्पा सीटवरच होते, एका अंगावर कललेले. आता निगडीला दवाखान्यात आहेत. धोका टळला असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत.

त्यांची वाचा गेली आहे. तोंडात एकच शब्द उरलाय. पाणी हवं असलं तरी "रव्या", कूस बदलायची असली तरी "रव्या". आईलाही त्याच नावानं हाक मारतात. मी दर वेळी ओ देते, पण ते दाराकडेच बघत राहतात.

तुझ्या जागी ओ देणारी,
दिव्या