बिनचेंडूचा डाव

मार्लो लँडिंग, टेनेसी
६ मे १९५७

चि. ओफेलिया हिस,
प्रभूच्या नावाने अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ईस्टरच्या आधी आलं आणि उत्तर आज जातंय, म्हणून तोंड वाकडं करू नकोस. इकडे घरात युद्ध पेटलंय. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तुझे दाजी, आणि तहाचं नाव नाही.

झालं असं. रिव्हर पार्कच्या बेसबॉल मैदानाला पन्नास वर्षं झाली म्हणून पायलट्स संघाचे गोरे मालक जूनमध्ये मोठा समारंभ करताहेत. त्यांचा एक माणूस, भडक टाय लावलेला, परवा आपल्या दारात येऊन उभा राहिला. आपल्या काळ्यांच्या लँटर्न्स संघातल्या जुन्या खेळाडूंनी सामन्याआधी मैदानावर यावं आणि तो बिनचेंडूचा ‘गमतीचा’ खेळ करून दाखवावा, अशी त्याची इच्छा. मागे सर्कशीचा बँड वाजेल म्हणे, आणि घालायला ढगळ, पट्ट्यापट्ट्यांच्या विजारी तेच देतील. मी विचारलं की लाउडस्पीकरवर ‘१९३४चे विजेते’ असं सांगणार ना. तर म्हणाला, झिनोबिया, आमच्या दफ्तरात तशी काही नोंद नाही. पहिल्याच भेटीत मला नावाने हाक, बघ!

दफ्तरात नाही म्हणे! अंतिम सामन्याच्या दिवशी आपलं निम्मं गाव मैदानात होतं. सामना गाठता यावा म्हणून रेव्हरंड टिब्सनी उपासना तासभर आधी उरकली, आणि आपण चर्चच्याच कपड्यांत, हॅट-हातमोज्यांसकट, थेट कॅचरच्या मागच्या बाकांवर. तुझी ती पिवळी हॅट आड येते म्हणून मागचा माणूस कुरकुरला, तर तू त्यालाच उठवून दुसरीकडे बसवलंस. पायलट्सच्या सामन्याला आपल्याला उजव्या कोपऱ्यात जाळीमागे कोंबतात, पण लँटर्न्स खेळायचे त्या दिवशी सगळं मैदान आपलं असायचं.

मी त्या टायवाल्याला वाटेला लावलं. पण आमचे हे त्याच्यामागे फाटकापर्यंत गेले आणि होकार देऊन आले! म्हणतात, लोक विसरण्यापेक्षा हसलेले परवडले, आणि पुन्हा एकदा त्या मातीवर उभं राहायला मिळतंय ते मी सोडणार नाही. तेव्हापासून मी त्यांच्याशी फक्त जेवणापुरती बोलते. विजेत्यांना विदूषक झालेलं मी बघणार नाही. तूच सांग, माझं चुकतंय का?

उत्तराला माझ्यासारखा उशीर करू नकोस, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


डेट्रॉइट
१५ मे १९५७

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

तू जेवणापुरती तरी बोलतेस. मी असते तर ताटच त्यांच्यापुढे आपटलं असतं. पण दाजींवर फार चिडू नकोस. माझा अमोस आज असता तर त्यानेही होकारच दिला असता, आणि मग मला इकडे दुसरं युद्ध पेटवावं लागलं असतं. जन्मभर पहिल्या बेसवर उभ्या राहिलेल्या माणसाला ती माती सुटत नाही. रेल्वेच्या यार्डात काम करतानासुद्धा तो एक पाय मागे, बेसवर असल्यासारखा ठेवूनच उभा राहायचा.

बिनचेंडूच्या खेळात हसण्यासारखं काय आहे, हेच मला कळत नाही. हात गरम करायला सामन्याआधी आपली माणसं तो खेळायची. रिकामे हात, रिकामी हवा, आणि तरी माणसांच्या माना इकडून तिकडे फिरायच्या. पहिल्यांदा पाहिला तेव्हा अमोसने आपल्या बाकांकडे चेंडू ‘फेकला’ आणि तू बाकाखाली शिरलीस. नाकारू नकोस, मी तुझ्या शेजारीच होते. बाकाखालीच.

आता माझं ऐक. मैदान थोडा वेळ का होईना तुमच्या हातात येतंय ना? मग त्या वेळात काय करायचं ते त्यांनी का ठरवावं? तो डाव खेळा. सेंट क्लेअर जायंट्सविरुद्धचा शेवटचा, नववा. जसा झाला तसा, एकही चेष्टा न करता, बिनचेंडूचा. पहिला झेल रॉस्कोने मागे पळत एका हाताने घेतला. दुसऱ्याला इझरा बूथने तीन चेंडूंत परत पाठवला. आणि तिसऱ्याने जमिनीलगत मारलेला चेंडू दाजींनी उचलून अमोसकडे फेकला, आणि धावणारा पोचायच्या आत अमोसने बेसवर पाय ठेवून तो झेलला. आउट! आपण जिंकलो. दफ्तरात नसेल तर त्यांच्या डोळ्यांत घाला.

मी मात्र येणार नाही. त्या जाळीमागे या जन्मात परत बसणार नाही, असं गाव सोडताना म्हटलं होतं, ते आजही तसंच आहे. दाजींना सलाम. लोभ आहेच, तो असाच भांडता ठेव.

तुझी,
ओफे


मार्लो लँडिंग
२९ मे १९५७

चि. ओफेलिया हिस, अनेक आशीर्वाद.

तह झाला, तोही तुझ्या पत्रामुळे. ते मी यांच्यासमोर मोठ्याने वाचलं. हे उठले आणि माळ्यावरची जुन्या गणवेशांची ट्रंक काढली.

आता रोज संध्याकाळी चर्चच्या मागच्या अंगणात सराव चालतो, जायंट्सचे फलंदाज आपल्यातलेच तिघे होतात. सराव कसला, भांडणंच. रॉस्कोने झेल दोन्ही हातांनी घेतला होता, हे मी शपथेवर सांगते. तुझ्या आठवणीत प्रत्येक झेल एकाच हाताने घेतलेला असतो. रॉस्कोला विचारलं तर तो अर्थातच तुझ्या बाजूने. इझराचे गुडघे वाकताना कुरकुरतात, तेव्हा चेंडू नसला तरी आवाजाची सोय झाली, असं रेव्हरंड म्हणाले. जुने गणवेश कोणालाच पोटाशी पुरत नाहीत. आम्ही बायकांनी बसून सगळ्यांच्या बाजूंना जादा कापडाच्या कळ्या घातल्या. त्या पट्ट्यापट्ट्यांच्या विजारीही आल्या होत्या. कापड चांगलं जाड आहे, चर्चची फरशी छान पुसली जाते.

सगळं जमलं, एक सोडून. अमोसच्या जागी पहिल्या बेसवर कोण? केलेब पर्व्हिस स्वतःहून पुढे आला. राखीव खेळाडू होता बिचारा, माणूस भला आहे. पण आमचे हे ऐकेनात. म्हणतात, त्या बेसवर कोणी उभं राहणार नाही, मी चेंडू तिथेच फेकणार, रिकाम्या जागेवर. ओफे, मी कपाळाला हात लावला. आपण हे सगळं मांडलंय ते लोकांनी हसू नये म्हणून. आणि नसलेला चेंडू नसलेल्या माणसाकडे फेकला तर ते गोरे बाकांवरून हसत खाली पडतील. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, पडू देत.

जागा तुझ्या माणसाची आहे. तू सांगशील तसं होईल. तोवर माझा जीव टांगलेला आहे.

तुझी,
ताई


डेट्रॉइट
७ जून १९५७

ती. ताईस, सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचून मी ते पिठाच्या डब्यामागे ठेवून दिलं. लाँड्रीत दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी इस्त्री करते आणि मनात तो बेस. केलेबवर माझा राग नाही, पण तो तिथे उभा राहिलेला मला चालणार नाही. आणि रिकामा ठेवला आणि लोक हसले, तर ते माझ्या अमोसला हसले असं होईल. जिवंतपणी त्याला काय काय म्हणून हाका मारल्या त्या गावात. मातीत गेल्यावरही हसणार असतील, तर ते मला सोसणार नाही.

पण शेवटी दाजींचंच पटलं. अमोसला जाऊन चार वर्षं झाली तरी ते त्या बेसकडे बघताहेत आणि तिथे त्यांना दुसरं कोणी दिसत नाही. मलाही दिसत नाही. रिकामा ठेवा. भिऊन जागा भरायची नाही. कोणी हसलंच तर नावं लिहून पाठव, एकेकाला बघून घेते.

सगळं जसं होईल तसं लिही. गोड करून लिहू नकोस. मायेत अंतर नसावं.

तुझी,
ओफे


मार्लो लँडिंग
२४ जून १९५७

चि. ओफेलिया हिस, अनेक आशीर्वाद.

जसं झालं तसं लिहिते.

काल रविवार. रेव्हरंड टिब्सना लवकर उरका असं कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी प्रवचन अर्ध्यात थांबवलं आणि म्हणाले की आज आपल्याला जायचंय. सगळं चर्च हॅट-हातमोज्यांसकट रिव्हर पार्कला. बसवलं जाळीमागेच. एका गोष्टीचं बरं वाटलं की त्या पिंजऱ्यातून पहिला बेस सगळ्यात जवळ दिसतो.

लाउडस्पीकरवाला म्हणाला, आता थोडी गंमत. बँड सुरू झाला. आणि आपली माणसं आली, पांढऱ्या गणवेशात, छातीवर तो लाल कंदील. टायवाला धावत कुंपणापाशी गेला आणि विजारी कुठे म्हणून हातवारे करू लागला. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. लाउडस्पीकरवर नावं नव्हतीच, म्हणून ती आम्ही पुकारली. जाळीमागून, एकेक, जशी तेव्हा पुकारायचो तशी. आणि शेवटी विजेते, विजेते, विजेते. मी इतकी ओरडले की आज घसा बसलाय.

इझराने हात फिरवला तेव्हा लोक हसले. खोटं कशाला सांगू, मोठ्याने हसले. हसायलाच आणलं होतं त्यांना. मग पहिल्या फलंदाजाने तो उंच टोला मारला, आणि रॉस्को डोळ्यांवर हात धरून मागे मागे पळत गेला. तेव्हा सगळ्या गोऱ्या माना त्याच्याबरोबर फिरल्या. त्याने झेल एका हाताने घेतला. घे, जिंकलीस. दुसरा गडी बाद झाला तेव्हा बँडमधला एकच भोंगेवाला वाजवत उरला होता, त्यालाही लाज वाटली असावी, तो थांबला.

तिसऱ्याने मारला. आमचे हे डावीकडे गेले, वाकले, तो दुखरा गुडघा घेऊन उठले. तिकडे धावणारा धावतोय आणि बेसवर कोणी नाही. ओफे, मला वाटलं, आता हसतील, आत्ता हसतील. यांनी फेकला. सगळा जीव काढून फेकला, खांदा निखळेल असं मला वाटलं. आणि मग मैदानात इतकी शांतता झाली की माझ्या पुढच्या बाईच्या हातातला पंखा थांबलेला मला कळला. पायलट्सच्या सामन्यासाठी आलेला गोरा अंपायर पहिल्या बेसच्या रेषेशेजारी, आपली माणसं कधी हटताहेत याची वाट बघत उभा होता. त्याचा उजवा हात वर गेला. मूठ वळलेली. आउट. सवयीने गेला असेल. पण गेला, आणि सगळ्यांनी पाहिला.

कोणी हसलं नाही. मी बघत होते, सगळीकडे बघत होते. यानंतर पिंजऱ्यात जो कल्लोळ झाला, त्याने जाळी अजून हलत असेल. आमचे हे मैदानात उभे राहून रडले आणि इकडे मी रडले.

सोबत इथल्या वर्तमानपत्राचं कात्रण आहे. जुन्या निग्रो खेळाडूंच्या माकडचेष्टांनी प्रेक्षकांची हसून मुरकुंडी वळली, असं छापलंय. विजेते हा शब्द कुठेही नाही. यांनी ते वाचून चुलीत टाकायला काढलं होतं. मी म्हटलं, नको, ओफेला पाठवते, तिला असल्या गोष्टींचा समाचार घ्यायला आवडतं.

सांभाळून राहा. ममता आहे ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


डेट्रॉइट
३ जुलै १९५७

ती. ताईस, सप्रेम सलाम वि. वि.

कात्रण मिळालं. लाँड्रीत जेवणाच्या सुट्टीत आधी ते सगळ्यांना वाचून दाखवलं, मग तुझं पत्र. इथल्या निम्म्या बायका दक्षिणेतूनच आलेल्या, त्यामुळे दोन्हींत खरं कोणतं असं कोणी विचारलं नाही. एकीने फक्त तो अंपायरचा हात पुन्हा वाचायला लावला. मी तो चारदा वाचला. त्यांना काय छापायचं ते छापू देत, त्यांच्या दफ्तरात काय आहे आणि काय नाही ते त्यांनी उराशी धरून बसावं. ती जाळी ज्या दिवशी काढतील त्या दिवशी मात्र तार कर. मी पिवळी हॅट घालून येते आणि कॅचरच्या मागे बसते.

दाजींना माझा सलाम सांग, आणि एक निरोपही. त्यांना राग आला तरी चालेल. फेक खाली गेली असणार. त्यांची फेक नेहमीच खाली जायची. रविवारी रात्री जेवताना अमोसची हीच कुरकुर असायची की थॅडियसचा चेंडू म्हणजे धूळ चाटूनच काढावा लागतो, आणि नाव मात्र थॅडियसचं होतं. परवाही ती तशीच घोट्यापाशी गेली असणार, आणि अमोसने लांब होऊन, एक पाय बेसवर ठेवून, मातीतून ती उचलली असणार.

नाहीतर अंपायर काही उगाच हात वर करत नाही.

तुझी,
ओफे