एकच दप्तर

गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

बिल्ला सापडला नाही. एक वाजेपर्यंत शोधला. मग पोरांची खिचडी निवेल म्हणून निघालो.

तोवर सगळं किती छान चाललं होतं! सहल म्हटलं की आमच्या मुख्याध्यापिका वैजयंतीबाईंच्या कपाळाला आठी पडते. पण 'तिकीट नाही, चालत जाता येतं' म्हटल्यावर लगेच सही केली. चौथीची चौतीस पोरं, मी आणि माझी पिंकी. तिच्या इंग्रजी शाळेला आज सुट्टी. घरी एकटीला कुठं ठेवणार? "बाई, पिंकी आपल्या शाळेत का येत नाही?" असं एकानं विचारलंच. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

संग्रहालय म्हणजे मिलच्या जुन्या चाळीतल्या दोन खोल्या. सिद्धलिंगप्पा काका मिल बंद पडेपर्यंत तिथंच कामाला होते. नंतर त्यांनी लोकांच्या माळ्यावरनं एकेक वस्तू मागून आणली आणि मांडली. मागाचे धोटे, सुताच्या बॉबिनी, शहराचे जुने फोटो, कामगारांचे पितळी बिल्ले. "हात लावा की रे! हात लावल्याबिगर कळतंय व्हय?" म्हणाले. पोरं इतकी खूश!

निघताना काकांनी बिल्ले डब्यात भरले तर एक कमी. ११४७ नंबरचा, त्यांच्या वडिलांचा. "ऱ्हाऊ द्या बाई, घरंगळला असंल कुटंतरी," म्हणाले. पण मला राहवेना. दप्तरं तपासली. नाही मिळाला.

शिक्षिका म्हणून एवढं तर करायलाच हवं होतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

शिवगंगा गैरहजर. ताप असेल.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आजही नाही आली.

गुरुवारी मी लिहिलंय — 'दप्तरं तपासली'. खोटं! ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, तरी खोटं लिहिलं. दप्तरं नाही. दप्तर. एकच.

चौतीस पोरं समोर उभी होती. कुणावर संशय घ्यावा असं काहीच घडलेलं नव्हतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "शिवगंगा, इकडं ये. दप्तर उघड." विचारसुद्धा करावा लागला नाही. जीभ आपोआप तिकडं वळली.

ती आली. दप्तर जमिनीवर ठेवलं, एकेक वस्तू बाहेर काढली. मराठीचं पुस्तक, कंगवा, वही. मग डबा — तो तर मी मागितलाही नव्हता. तिनं स्वतःच झाकण उघडून दाखवला. भाकरी, शेंगाची चटणी. भाकरी उचलून खालची बाजूही दाखवली. नऊ वर्षांच्या पोरीला झडती कशी द्यायची हे कुणी शिकवलं असेल? मागनं कुणीतरी हसलं. "सेटलमेंटची हाय ती!" मी "गप्प बसा रे" म्हटलं. तेवढंच. मग तिला म्हणाले, "ठीक आहे, भर आता." जसं काही मीच तिच्यावर उपकार केले.

सगळ्यात वाईट ते अजून लिहिलंच नाही. लिहितेच.

हे घडलं त्याच्या दहा मिनिटं आधी मी पोरांना सेटलमेंटचा फोटो दाखवत होते. तारेचं कुंपण, त्यामागं बायकापोरं हजेरीला उभी. छान आवाज लावून सांगत होते मी — बघा मुलांनो, इंग्रजांनी कायदाच केला की अमुक जमातीत जन्मलेला माणूस जन्मानंच चोर. काही केलेलं असो वा नसो. आपल्या सोलापुरात त्यांना अशा तारेत कोंडलं, रोज हजेरी घेतली; त्या वस्तीला आजही सेटलमेंटच म्हणतात. स्वातंत्र्य मिळाल्यावर पाच वर्षांनी त्या तारा निघाल्या. केवढा अन्याय, नाही का? पोरं म्हणाली, "हो बाई!"

शिवगंगा पुढंच उभी होती. वहीत उतरवून घेत होती. अख्ख्या वर्गात ती एकटीच लिहीत होती.

रविवार, ९ फेब्रुवारी

बिल्ला सापडला. आमच्याच घरात! पिंकीच्या रंगपेटीत, खडूंच्या खाली. पेटी झटकायला घेतली आणि टणकन फरशीवर पडला. ११४७.

पिंकीला हाक मारली. ती बिल्ल्याकडं बघून रडायलाच लागली.

"मला आवडला. चमकत होता."

"आणि शिवगंगाचं दप्तर मी उघडायला लावलं तेव्हा तू कुठं होतीस?"

"तुझ्या शेजारी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू रागावली असतीस. आणि तू तर तिच्याकडंच बघत होतीस."

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. जोरात. तिनं चोरी केली म्हणून घातला की ती खरं बोलली म्हणून, हे माझं मला ठाऊक.

यांना सांगितलं. यांना म्हणजे युवराजना. ते म्हणाले, "गुपचूप नेऊन दे आणि विषय संपव. शाळेत कशाला बोलतेस? उद्या कुणी तक्रार केली तर मेमो यायचा." मला ते ऐकून बरं वाटलं. हेही लिहून ठेवते. बरं वाटलं!

सोमवार, १० फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर एकटीच गेले. वाटेत चारदा घोकलं — काका, माझ्या मुलीनं घेतला होता. सहा शब्दसुद्धा नाहीत. रोज पोरांना पाठांतर करायला लावते मी.

काका खुर्चीवर चढून फोटो पुसत होते. बिल्ला हातात ठेवला तर त्यांनी तो गालाला लावला. म्हातारा माणूस, डोळे भरून आले.

"कुटं घावला ओ बाई?"

"पोरांपैकीच... एकाकडं निघाला."

"त्या पोरीकडं व्हय? जिचं दप्तर बघितलात तिच्याकडं?"



हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. बिल्ल्याकडं बघत उभी राहिले. ते समजायचं ते समजले.

"लहान हाय ओ. मारू नगा तिला," म्हणाले.

मी मान हलवली. मान हलवली मी! आणि चहा घेऊन आले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

शिवगंगा नाही. शाळेचा चौथा दिवस. हजेरी घेताना तिचं नाव आलं की पोरं माझ्याकडं बघतात. की मलाच तसं वाटतं?

बुधवार, १२ फेब्रुवारी

सकाळी चहा ढवळता ढवळता ठरवलं. पिंकीला म्हटलं, "आज शाळेत जायचं नाही. काकांकडं जायचं." तिनं का म्हणून विचारलं नाही. अर्धी रजा टाकली.

पिंकी दारातच थांबली. मी ढकललं नाही. मग तीच पुढं गेली आणि म्हणाली, "आजोबा, तो बिल्ला मी घेतला होता." काकांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ही कोण?"

"माझी मुलगी."

त्यांनी पिंकीला आत बोलावलं, धोटा हातात दिला. "खेळ जा." मग माझ्याजवळ आले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"परवा मी इचारलं तवा तुमी गप बसलात. दोन दिस मी त्या लेकराला चोर म्हनत बसलो बाई. काल हितं आलेल्या एकाला सांगितलं बी — बघा, त्या लोकांची सवय जात न्हाई म्हनून. ह्या तोंडानं! त्येंचा फोटो मी भिंतीला लावलाय, अन् ह्याच तोंडानं!"

मी माफी मागायला लागले.

"माज्याजवळ नगं," म्हणाले. "मी त्या माणसाला आज गाठून सांगतो. तुमचं तुमी बघा."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

वर्गात सांगितलं. पहिल्याच तासाला, हजेरीच्या आधी. बिल्ला माझ्या मुलीनं घेतला होता. शिवगंगाचा काही संबंध नव्हता. तिचंच दप्तर मी का उघडायला लावलं, तर ती कुठं राहते हे माझ्या डोक्यात होतं म्हणून. हे माझं चुकलं.

पहिल्या बाकावरच्या बिरुदेवनं हात वर केला. "बाई, मग पिंकीची पिशवी का नाही बघितली?"

तेहतीस पोरं उत्तराची वाट बघत होती. "कारण ती माझी होती," म्हटलं.

मधल्या सुट्टीत वैजयंतीबाईंनी बोलावलं. "अहो विजयमालाबाई, पोरांसमोर एवढं सांगायची काय गरज? पालकांपर्यंत गेलं म्हणजे?" म्हटलं, "मीच जाणार आहे संध्याकाळी पालकांकडं."

गेले. पत्र्याची खोली, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. आईबाप ऊसतोडीला गेलेत, शिवगंगा आजीजवळ असते. ती आजी, केराबाई. मला वाटलं होतं शिव्या घालेल. तयारी करूनच गेले होते. तिनं पोतं अंथरलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. सोमवारचंसुद्धा.

"दप्तर उघडलं त्येचं मला काय नवल न्हाई बाई," ती म्हणाली. "माजी सासू तारंत हुती. माज्या मालकाला तर काय बी झालं की पोलीस उचलून न्यायचे. आमाला हाय ती सवय. पर पोरगी म्हनायची, आजी, शाळंत तसं नसतंय. बाई लई चांगल्या हायत. रोज म्हनायची."

मी पाणी प्यायले.

"आहे कुठं ती?" मी विचारलं.

"मंद्रूपला, मावशीकडं. जाती म्हनली, गेली."

"सोमवारी पाठवाल?"

"मी न्हाई पाठवायची." मग तीच पुढं म्हणाली, "तिला सांगते तुमी आल्ता म्हनून. तिचं ती ठरवंल."

पाण्याचा तांब्या परत दिला आणि निघाले.

रविवार, १६ फेब्रुवारी

पिंकी विचारत होती, "ती आली नाही तर?" मी म्हटलं, "माहीत नाही."

सोमवार, १७ फेब्रुवारी

शिवगंगा आली! वेणी घट्ट घातलेली, मागच्या बाकावर. प्रार्थनेनंतर मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. तिनं ऐकून घेतलं, मान खाली.

मधल्या सुट्टीत एकटीच माझ्या टेबलाशी आली.

"बाई, मला ठावं हुतं. पिंकीनं फ्रॉकच्या खिशात टाकताना मी बघितलं हुतं."

"अगं, मग सांगितलं का नाहीस तेव्हाच?"

"तुमी इचारलंच न्हाई की. दप्तर उघड म्हनलात. मी उघडलं."